डासांना दिलेला हात

२ मार्च, दुपारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर आधी बातमी सांगते आणि तू पोटभर हसून घे. मला डास चावला आणि मला दवाखान्यात न्यावं लागलं.

हसलीस ना? हस. मीही हसले असते, पण ओठ हलत नव्हते.

कोणाला चावला बघ! जिने एकोणतीस वर्षं रोज सकाळी दहाच्या ठोक्याला आपला डावा हात कोपरापर्यंत डासांच्या पिंजऱ्यात घातला, तिला. तुला ते कधी बघवलं नाही. एकदाच आमच्या संशोधन संस्थेत आलीस आणि डासखोलीच्या दारातूनच "शी, ताई!" करून पळालीस. त्यामुळे ती खोली किती छान होती ते तुला ठाऊकच नाही. बारा महिने तीच ऊब, तीच ओलसर हवा. पांढऱ्या पसरट ट्रेमधल्या पाण्यात अळ्या वळवळायच्या. दिवे एकदम लागायचे नाहीत. हळूहळू उजळायचे, हळूहळू मंदावायचे, कारण मोठ्या साहेबांचं म्हणणं, डासांनाही पहाट लागते आणि सांज लागते. माणसांच्या पगाराचं मात्र त्यांना कधी असं सुचलं नाही.

पिंजरा म्हणजे तारेच्या चौकटीवर पांढरी जाळी आणि पुढे शिवलेली लांब कापडी बाही. बाहीतून हात आत घालायचा आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. माद्या यायच्या, बसायच्या, पोटं लाल करून जाळीला जाऊन चिकटायच्या. आमचे डास अंड्यापासून त्या खोलीतच वाढलेले, त्यामुळे कसल्या तापाची भीती नव्हती. पहिल्या वर्षी गांधी उठायच्या, खाजवून जीव जायचा. मग त्या बारीक होत गेल्या आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी काहीच उठेना. अंग जणू म्हणालं, बाई, तुझं पोटच यावर आहे तर मी कशाला आरडाओरडा करू. मी हात आत ठेवून डुलक्या काढायचे. त्या गुणगुणीत फार गोड स्वप्नं पडायची. पाण्याखालून चालत चालत आपल्या शाळेत जायचं, आणि तुझं दप्तर माझ्या खांद्यावर, असलं काहीतरी.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, वर डास क्वचित येतात. जानेवारीत एक मनगटावर चावला, तर संध्याकाळी हात उशीएवढा झाला. ताप आला. मी म्हटलं, असेल काहीतरी. दुसरा चावला मानेवर. तेव्हा दोन दिवस मान वळेना. परवा गॅलरीत कपडे वाळत घालताना तिसरा घोट्याला चावला आणि दहा मिनिटांत तळहातांना आग, जीभ जड, घसा आवळल्यासारखा, समोरची भिंत पाण्यातल्यासारखी हलायला लागली. शेजारची टायपिस्ट घरी होती म्हणून हे पत्र लिहायला मी आहे.

डॉक्टरीणबाई अगदी तरुण. मी तिला एकोणतीस वर्षांचं सांगितलं, तर डोळे विस्फारून म्हणाली, "मावशी, रोज चावत होते तोवर तुमच्या अंगाला सवय होती. मध्ये खंड पडला, वय वाढलं, आता अंगाला ते परकं वाटतंय. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं." गोळ्या दिल्यात आणि एक पेनासारखी सुई, जवळ ठेवायला. गोळीने इतकी गुंगी येते की शब्द कागदावर पोचायच्या आत पेंगतात. अक्षर तिरकं दिसलं तर ते गोळीचं आहे, माझं नाही.

मुद्दा एवढाच की लहानपणी तुझं अंग असंच फुलायचं आणि मी म्हणायचे, नाटकं करते, शाळा बुडवायचीय. ती नाटकं नव्हती. अकरा वर्षांनी पत्र लिहायला हे कारण पुरेसं आहे असं मी समजते.

तुझी ताई


९ मार्च, दुपारी

बारके,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तू पहिल्यापासून अशीच. राग आला की तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

या गोळ्यांमुळे माझी दुपार फार लांब होते. खिडक्यांना टायपिस्टने जाळ्या ठोकून दिल्यात, त्यातून ऊन गाळल्यासारखं आत येतं आणि पांढऱ्या चादरीवर पडतं, की मला वाटतं मीच पिंजऱ्यात आहे आणि बाहेरून कोणीतरी आता बाहीतून हात घालणार. काल खरंच हात आला. लहान होता, नखं कुरतडलेली. तुझा होता. मी त्याला धरायला गेले, तर तो टम्म फुगायला लागला. जागी झाले तेव्हा उशी घामाने ओली होती.

आई कामावर जायची तेव्हा तू माझ्या ताब्यात. तुझ्या पायांवर या एवढाल्या गांधी. मी त्यांवर थंड पाण्याचा रुमाल ठेवायचे आणि वर चार शब्द सुनावायचे, "जगातले सगळे डास तुझ्याच पत्त्यावर येतात काय गं!" तू म्हणायचीस, "ताई, मला आतून गरम होतंय." हेच शब्द होते तुझे, आतून गरम. परवा मला तसंच झालं आणि तेव्हा मला तू आठवलीस, आई नाही, देव नाही.

डॉक्टरीणबाईने विचारलं, "घरी कोण असतं? ही सुई टोचायला दुसऱ्या कुणाला तरी यायला हवी." मी म्हटलं, बघते. आता तू म्हणशील, गरज पडली तेव्हा ताईला बहीण आठवली. थोडं खरं आहे ते. पण सगळं नाही.

तू आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली होतीस त्या दुपारबद्दल मी काही लिहिणार नाही. जे झालं ते झालं. पोर वाचली, आता एकोणीस वर्षांची घोडी झाली असेल. तुम्ही गाडीतून गेलात आणि मी घर बघायला मागे थांबले, हे तुला माहीतच आहे. त्यात नवीन काय लिहायचं?

हे लिहिलं आणि दोनदा वाचलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. झोपते.

ताई


१० मार्च

बारके,

आज गोळी घेतलेली नाही. शुद्धीत लिहिते आहे, बसून वाच.

त्या वर्षी संस्थेची वीज चार दिवस बंद राहणार होती. तारा जुन्या झाल्या होत्या, सगळ्या बदलायच्या होत्या. मोठे साहेब परगावी. थंडीचे दिवस, खोली गार पडली असती तर सगळा वंश मेला असता. वीस वर्षं सांभाळलेला वंश, गं. पिढ्यान् पिढ्या मी पाजलेल्या. बाहेर एक डासही न्यायचा नाही असा कडक नियम होता, आणि नियमाची पाटी मीच रंगवलेली. तरी मी छोट्या पिंजऱ्यात चाळीस माद्या घातल्या, वर शाल गुंडाळली आणि घरी आणल्या. मागच्या खोलीत ऊब असायची म्हणून तिथे कपाटावर पिंजरा ठेवला. चार दिवसांनी गुपचूप परत नेणार होते. कुणाला पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हात दिला होता, तेवढ्यात दारावर थाप. दारात तू, हातात पिशवी आणि पोर. सासूशी खटका उडाला म्हणून न कळवता आलेली. डोळे रडून लाल. मी घाईने हात काढला आणि बाहीला गाठ मारली. एकच मारली. डासखोलीत बाहीला नेहमी दोन गाठी मारतात, कारण एक सुटते, हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायचे.

जेवणं झाली. तू थकली होतीस, तुला मीच म्हटलं, मागच्या खोलीत पड, तिथे ऊब आहे. मी. माझ्या तोंडाने. पिंजरा शालीखाली होता, तुला वाटलं जुनं सामान असेल. आमचे डास दिवसा चावणारे. तू पांघरुणात गुरफटून झोपलीस आणि पोरीने पांघरूण लाथाडलं. दुसरं कुठलं पोर असतं तर खाजवून खेळायला पळालं असतं. पण तिचं अंग तुझ्यावर गेलेलं, आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं, कारण तुझं अंग मी पाहिलं होतं.

तुझी किंकाळी ऐकून मी आले. तिचे डोळे मिटले होते सुजून, आणि श्वासाला शीळ येत होती. पुढचं तुला माहीत आहे.

जे माहीत नाही ते हे. हॉस्पिटलात संध्याकाळी तुझ्या सासूबाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतके डास घरात आले कसे? खिडकी कुणी उघडी टाकली?" खिडकी बंद होती, बारके. तू उघडली नव्हतीस. मी म्हणाले, "हिला वारा लागतो झोपताना." एवढंच. चार शब्द. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, अर्धवट झोपेत उघडली असेल खिडकी आपणच. मी तुला तसं वाटू दिलं.

मग ऐकलं की पोरीला तुझ्याजवळ झोपू देत नाहीत, सासूबाईंच्या खोलीत झोपवतात. चार वर्षं झोपवत होते म्हणे. ऐकलं तेव्हा मी जेवत होते, आणि मी ताट संपवलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, असं स्वतःला सांगायचे. निवृत्त झाले तेव्हा नोकरीही उरली नाही आणि मी तरी गप्पच. मग सांगायला काय कारण होतं? लाज होती. नाकावर माशी बसू न देणारी तुझी ताई, तिच्या नाकाला फार जपावं लागतं.

तुझी चूक नव्हती. तुझी काहीही चूक नव्हती. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

ताई


२१ मार्च

बारके,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, सगळं मिळून तीन शब्द: "सासूबाईंसमोर येऊन सांग."

टायपिस्टने विचारलं, "आनंदाची बातमी का?" मी म्हटलं, बोलावणं आलंय.

येते. २ एप्रिलला सकाळच्या गाडीने. चारची परतीची गाडी आहे, तीही बघून ठेवली आहे, तुला माझं ओझं नको. डॉक्टरीणबाई म्हणाली, प्रवास टाळा. मी म्हटलं, अकरा वर्षं टाळलाच की.

ताई


२ एप्रिल, दुपारी, तुझ्याच घरात

बारके,

तू आत पडली आहेस, मी बाहेरच्या खोलीत. मध्ये एक दार, तेही नुसतं लोटलेलं. तरी लिहिते आहे, कारण तोंडाने मी पुन्हा खोटं बोलले. उत्तर कागदावरच खरं येतं माझं, असं दिसतंय.

सकाळचं सगळं अजून धूसर आहे. स्टेशनच्या बाकावर बसले होते, तिथे चावलाच एक, उजव्या हाताला. गोळी घेतली. घसा नीट राहिला पण हाताची सूज चढत गेली, आणि मी तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चढले त्या कापसावरून चढल्यासारख्या. दार तू उघडलंस. केस पांढरे झालेत तुझे. कुणी सांगितलं नव्हतं मला. सांगणार कोण म्हणा.

सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, इवल्याशा झालेल्या. एकेकाळी यांच्यासमोर मीही पदर सावरून बसायचे. मी समोर बसले आणि सांगितलं. पिंजरा, एक गाठ, बंद खिडकी. तू दारात उभी होतीस. त्या अगदी मन लावून ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्याव्यात अशीच इच्छा होती. सांगून झालं तसा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढा सुजलाय हा! थांबा हं, माझ्या सुनेला हाक मारते. तिला बरोबर कळतं. पोरांच्या दुखण्याखुपण्यात तिच्याइतकं जपणारी बाई मी पाहिली नाही."

मी म्हटलं, "आई, तुमच्या सुनेची चूक नव्हती, हे सांगायला आलेय मी." त्या म्हणाल्या, "कसली चूक? कुणाची पोर?"

सगळं पुसलं गेलंय. तुला आधीपासून माहीत असणार, रोज तूच त्यांना जेवू घालतेस. तरी तू मला बोलावलंस. मी वळून पाहिलं तर दारात तू नव्हतीस.

स्वयंपाकघरात आले तेव्हा तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. अकरा वर्षांत मला विचारलेला पहिला प्रश्न तू भिंतीला विचारलास. "खिडकीचं राहू दे. तू गाडीत का बसली नाहीस?"

शेजारच्या दंतवैद्यांची गाडी होती. मागे जागा होती. तू पोरीला मांडीवर घेतलंस आणि दुसऱ्या बाजूचं दार माझ्यासाठी उघडं ठेवलंस. "ताई, चल ना," म्हणालीस. "ताई, मला एकटीला नाही जमणार." मी म्हटलं, तू हो पुढे, मी घर बंद करून येते. आणि संध्याकाळी आले. घर बंद करायला चार तास लागत नाहीत.

मघाशीही मी तेच म्हटलं तुला, "घर उघडं होतं गं." तू आत जाऊन पडलीस.

खरं उत्तर असं. गाडी वळली आणि मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि डास मोजले. पिंजऱ्यात एकतीस भरले. म्हणजे बाहेर नऊ. आमच्याकडे काचेची नळी असते, तोंडाने ओढून डास अलगद पकडायची. ती घेऊन मी भिंतींवरून, पडद्यांवरून, पोरीच्या पांघरुणावरून एकेक टिपत बसले. चार तास. बाहेर मिळाले असते तर कुणीतरी ओळखले असते, नोकरी गेली असती, हे एक कारण. दुसरं कारणही लिहिते. मला ते हवे होते. सात मिळाले. त्यातल्या तिघींची पोटं लाल होती. ते कुणाचं रक्त होतं ते मला समजत होतं. मी त्यांना चिरडलं नाही, बारके. मी त्यांना परत पिंजऱ्यात सोडलं. चौथ्या दिवशी डासखोलीत नेलं, त्यांनी अंडी घातली, वंश टिकला. पुढे नऊ वर्षं मी ज्यांना रोज हात दिला, त्या त्यांच्याच लेकी.

नऊ डासांपायी मी तुला एकटीला पाठवलं. तुझी एकच पोर होती, आणि मला फक्त तू होतीस.

माफ कर असं लिहायची माझी हिंमत नाही. हा कागद तुझ्या दारातून आत सरकवते आहे. हाक मारावीशी वाटली तर मी इथेच बसले आहे. नाही वाटली तर चारची गाडी आहे, पिशवी मी उघडलेलीच नाही.

तुझी ताई


(त्याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने)

वाचलं. दोनदा वाचलं. खूप राग आलाय. चारच्या गाडीने अजिबात जायचं नाही. मला भांडायचंय तुझ्याशी, आणि ते एका दुपारीत उरकणारं नाही.

आधी ती सुई कुठे ठेवली आहेस ते दाखव आणि कशी टोचायची ते शिकव.